पालथी चप्पल आणि एकतीस स्लाईड

प्रोजेक्टर सुरू केला आणि उजेड सरळ बुद्धमूर्तीच्या चेहऱ्यावर पडला. मूर्तीच्या कपाळावर हिंदीत 'लाल रक्त कणिका' आणि खांद्यावर आमच्या विभागाचा शिक्का. सतरंजीवर बसलेल्या चाळीसेक बायामाणसांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं लेन्ससमोर हात धरला, तर मूर्तीवर माझ्या पंजाची ही एवढी सावली. शेवटी वायरच उपटली.

विहाराच्या समोरच्या भिंतीशी मूर्ती आणि हार घातलेले फोटो. डावीकडे खिडक्या, त्यातून दुपारचं ऊन आत. उजवीकडे गडद निळा ऑइलपेंट. मागे दार. पांढरी भिंत एकच, आणि ती समोरची. फोटो हलवा असं म्हणायची माझी हिंमत नव्हती, इच्छाही नव्हती. या गावात माणसं गोळा करायची तर ती विहारातच गोळा होतात, म्हणून कार्यक्रम इथे ठेवलेला. भिंतीचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही.

गावाचं नाव मी सांगणार नाही. बोरगावजवळ आहे एवढं पुरे. माणसांची नावंही मी बदलली आहेत, कारण गोष्ट त्यांच्या रक्ताची आहे.

मी मध्य प्रदेशातल्या सौसरच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. सव्वीस वर्षांपासून लोकांना सुया टोचून राहिली आहे. 'मूठ आवळा', 'सोडा', 'उद्या या' याच्या पुढे माझं बोलणं जात नाही. भाषण हे माझं काम नव्हे. पण गावोगाव सिकलसेल तपासणीचे कॅम्प सुरू झाले आणि ज्याचा कॅम्प त्यानंच माहिती द्यायची असं ठरलं. सोबत पेनड्राइव्ह मिळाला. एकतीस स्लाईड, सगळ्या वरून तयार होऊन आलेल्या. मला त्या आवडायच्या. स्लाईड असली की लोक तिच्याकडे पाहतात, माझ्याकडे कोणी पाहत नाही.

सिकलसेल म्हणजे काय ते आधी सांगते. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि सांधे असे दुखतात की मोठा माणूस ढसाढसा रडतो. लागण होत नाही, आईबापाकडून येतो. ज्याला हा आजार आहे तो रुग्ण. ज्याच्या रक्तात फक्त अर्धा गुण आहे तो वाहक. वाहकाला बहुतेक काहीही होत नाही. तो शेतात राबतो, म्हातारा होतो, त्याला पत्ताही नसतो. प्रश्न येतो तो दोन वाहकांचं लग्न झालं की. मग त्यांच्या मुलात आजार उतरू शकतो. म्हणून तपासणी करून प्रत्येकाला कार्ड द्यायचं आणि लग्न जुळवताना दोघांची कार्डं शेजारी ठेवून पाहायची.

दोघांची. हा शब्द लक्षात ठेवा, कारण नेमका तोच लोक विसरतात.

त्या सकाळी जीपमध्ये गावातली आशा कार्यकर्ती वंदना माझ्या कानाशी लागली. आशा म्हणजे गावातल्या बायांना दवाखान्यापर्यंत आणणारी. "मॅडम, शीलाबाईची सुजाता माहीत आहे ना? पुढच्या रविवारी साक्षगंध होतं तिचं. आता नाही होत."

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. सुजाताचं सॅम्पल मीच घेतलं होतं, तिच्या कॉलेजच्या कॅम्पमध्ये. ती वाहक आहे हे मला माहीत होतं, पण तोंड उघडायची मला परवानगी नाही.

"पोराच्या बापानं कार्ड मांगलं. पाहिलं. आता म्हणते, पोरगी बिमार आहे. आज तुमच्या कार्यक्रमाले तेच पाहुणे आहेत, गुरुजी. कार्यक्रम झाला का शीलाबाईकडे चहाले जाणार अन् नकार सांगणार."

"पोराचं कार्ड कुठे आहे?" मी विचारलं.

"पोराचं कोण काढते मॅडम?"

खरंच आहे. आमच्याकडे कॅम्पला मुलीच येतात. मुलगा आला तर मित्राला सोडायला येतो आणि गाडीवरून उतरत नाही. कार्ड मुलीचं मागायचं, पत्रिका पाहावी तसं पाहायचं, आणि त्यावर 'वाहक' लिहिलेलं दिसलं की हात जोडायचे. ज्याच्याशी लग्न लावायचं त्या मुलाच्या रक्तात काय आहे हे कोणी विचारत नाही. मुलगा नॉर्मल असेल तर भ्यायचं काहीच कारण नसतं. माझ्या सतरा नंबरच्या स्लाईडवर हेच होतं, निळे आणि लाल बाहुले काढून. मी ठरवलं होतं, सतरा नंबरवर थांबायचं, गुरुजींकडे पाहायचं आणि हळू बोलायचं. आता सतराही गेली आणि पहिलीही गेली.

तेवढ्यात आमच्या डॉक्टरसाहेबांचा फोन. "मैडम, फोटो में स्लाइड दिखनी चाहिए. पिछली बार भी नहीं दिखी थी."

"सर, यहाँ दीवार नहीं है."

"दीवार नहीं है? तो लोग बैठे कहाँ हैं?"

मी फोन ठेवला.

गुरुजी, म्हणजे सौसरच्या शाळेतून विज्ञान शिकवून रिटायर झालेले मुलाचे वडील, माझ्या आधी वीस मिनिटं बोलले होते. अंधश्रद्धा सोडा, विज्ञानाची कास धरा. आवाज खणखणीत, हातात कागद नाही. या माणसासमोर आता मी बोलायचं होतं. मी उभी राहिले आणि सवयीनं म्हणाले, "तर इथे तुम्ही पाहू शकता..."

चाळीस माणसांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. मीही पाहिलं.

त्यानंतरची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत, आणि जी आठवतात ती आठवू नयेत अशी आहेत. मी आधी हिंदीत बोलले, कारण स्लाईड हिंदीत होत्या. मग मराठीत आले, मग मध्येच 'अनुवांशिक' म्हणाले आणि त्याचा अर्थ सांगताना 'आनुवंशिक' म्हणाले. नवव्या स्लाईडचं पाचवीच्या आधी सांगून टाकलं. मनात एकच चाललेलं, की शीलाबाई तिसऱ्या ओळीत बसली आहे, तिच्यामागे सुजाता बसली आहे, आणि मी बडबड करून राहिली आहे.

"दोघंही वाहक असले," मी म्हणाले, "तर मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक."

पुढे बसलेल्या जनाआजीनं बोटं मोजली. वय सत्तरच्या पुढे, डोळे बारीक. "म्हणजे चौथं पोरगं बिमार निंघते?"

"तसं नाही आजी."

"मंग तीनच करावे. चौथं करूच नाही."

बाया हसल्या, काहींनी माना डोलवल्या. दोन माणसांना तो उपाय पटलासुद्धा. मी म्हटलं, पहिलंही निघू शकतं. तर आजी म्हणे, मग चारात एक काहून म्हणता, सरळ सांगा ना कोणतं ते. मला राग आला. आजीचा नाही, माझाच. इतकी वर्षं या कामात, आणि साधी गोष्ट मला दाखवल्याशिवाय सांगता येत नाही.

दाखवायचं. पण कशानं? माझं लक्ष दाराकडे गेलं. बाहेर ओसरीत चाळीस जोड्या चपला.

"चला सगळे बाहेर," मी म्हणाले. का ते मलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

लोक उठले, ओसरी उतरून अंगणात गोल करून उभे राहिले. कडुलिंबाखाली गुरुजींचा मुलगा अमोल मोटरसायकलला टेकून मोबाईल पाहत होता. मी दोन जोड्या उचलून मधे ठेवल्या. "ही आई, हा बाप. प्रत्येकाजवळ एक जोडी. आई आपल्या जोडीतली एक चप्पल मुलाला देते, बाप एक देतो. मुलाची जोडी तयार. असंच रक्ताचंही असतं." लोकांनी माना हलवल्या. पहिल्यांदाच माझं काही समजलं होतं. मला चेव चढला. अंगठा तुटलेली एक चप्पल उचलली. "आता समजा, वाहक म्हणजे ज्याच्या जोडीतली एक चप्पल तुटकी..."

"एक तुटली तर माणूस चालंन कसा?" कोणीतरी विचारलं. तेही बरोबरच होतं.

आणि शीलाबाई बोलली. आवाज चढवला नाही. "मॅडम, आमची पोरगी तुटकी चप्पल होय का?"

सुजाताचं नाव तिनं घेतलं नाही. पण सगळ्यांना माहीत होतं. सुजातानं मान खाली घातली. मला इतकी शरम वाटली की ती चप्पल कुठे ठेवू ते सुचेना. जे मी पुसायला आले होते तेच मी भर अंगणात बोलून बसले होते.

"नाही," मी म्हणाले. "चुकलं माझं. तुटकी नाही. चप्पल चांगलीच आहे." आणि बोलता बोलता दुसरी एक धड चप्पल घेतली आणि पालथी ठेवली. "फक्त एक अशी आहे. बाकी काही फरक नाही."

दोन्ही जोड्यांतली एकेक पालथी केली. आई वाहक, बाप वाहक. मग आजीला म्हटलं, तुम्ही पाठ करून उभ्या राहा, आणि नुसतं डावी की उजवी ते सांगा. आजी वळली. मी खाली पाहिलं, तर एकही चप्पल पालथी नाही.

मला वाटलं मीच विसरले. पुन्हा पालथ्या केल्या. वंदनाकडे बघून काही बोलले, वळले, तर परत सरळ. डोकं गरगरलं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, म्हटलं चक्कर येते की काय. तिसऱ्यांदा पालथ्या केल्या आणि नजर हलवलीच नाही. तेव्हा दिसलं. डावीकडून एका बाईचा पाय आला आणि हळूच एक चप्पल सरळ करून गेला. उजवीकडून दुसरा पाय आला, पांढऱ्या लेंग्यातला. गुरुजींचा.

पालथी चप्पल घरात भांडण लावते, हे आमच्याकडे लहानपणापासून पायांना शिकवलेलं असतं. डोक्याला विचारायची गरज पडत नाही.

"गुरुजी," मी म्हणाले, "तुम्ही तर आत्ताच अंधश्रद्धेवर बोलले."

अख्खं अंगण हसलं. गुरुजीही ओशाळून हसले. "सवय आहे हो मॅडम. पाय ऐकत नाही."

"मग पाय मागे घ्या सगळे. आणि भांडण कधी लागते ते पाहा. एक पालथी असली तर काही होत नाही. दोन पालथ्या एका जोडीत आल्या, तरच."

गुरुजी म्हणाले, बापाची जोडी म्हणून माझीच घ्या. त्यांची कोल्हापुरी मधे ठेवली, एक पालथी. आईची म्हणून आजीची रबरी स्लीपर, एक पालथी. आजी पाठ करून उभी.

"आई काय देते?"

"डावी."

"बाप?"

"उजवी."

मी त्या दोन बाजूला काढल्या. दोन्ही पालथ्या. पहिल्याच फेरीत.

आजी वळली, पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. "माय वं. पहिलंच?" आता कोणी हसलं नाही. मी हे ठरवून केलं नव्हतं, करताही आलं नसतं. चारात एक म्हणजे काय ते त्या अंगणाला कळलं, आणि खरं सांगते, मलाही तेव्हाच कळलं. स्लाईडवर ते नुसतं चार बाहुल्यांतलं एक लाल बाहुलं होतं.

मग गुरुजींच्या दोन्ही चपला मी सरळ केल्या. आजीची एक पालथीच ठेवली. आई वाहक, बाप नॉर्मल. आजीनं दहा वेळा डावी-उजवी म्हटलं. कधी एक पालथी आली, कधी एकही नाही. दोन पालथ्या एकदाही आल्या नाहीत. बायका पुढे सरकून स्वतः करून पाहू लागल्या. येणारच नव्हत्या.

शीलाबाई बराच वेळ त्या चपलांकडे पाहत होती. "म्हणजे मॅडम, बापाची जोडी पाहिल्याशिवाय काहीच सांगता येत नाही?"

"नाही येत."

"मग पोरीचंच कार्ड काहून मांगतात?"

एकतीस स्लाईड मला तोंडपाठ होत्या. एकीतही याचं उत्तर नव्हतं. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

गुरुजी अनवाणी उभे होते. त्यांनी आपल्या दोन सरळ चपलांकडे पाहिलं, मग कडुलिंबाकडे. "अमोल. मोबाईल ठेव. इकडे ये आणि बोट दे."

मी तिथेच ओसरीत ट्यूबचा स्टँड मांडला. ही तपासणी सोपी असते. रक्ताचा थेंब औषधाच्या ट्यूबमध्ये टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग ट्यूबच्या मागे छापलेला कागद धरायचा. अक्षरं वाचता आली तर नॉर्मल. पाणी गढूळ होऊन अक्षरं दिसेनाशी झाली, तर वाहक किंवा रुग्ण. मग पक्कं करायला सॅम्पल मोठ्या लॅबला पाठवायचं. हे सगळं मी बोलता बोलता सगळ्यांना सांगून टाकलं. जीभ मोकळी सुटली होती ना. सव्वीस वर्षांत अशी चूक मी केली नव्हती. पाच मिनिटांनी मी सवयीनं कागद मागे धरला आणि अक्षरं दिसली नाहीत. मी चटकन स्टँड भिंतीकडे फिरवला. "रिपोर्ट दवाखान्यात मिळेल." पण गुरुजी माझ्या खांद्याशीच उभे होते, आणि विज्ञान शिकवलेला माणूस.

ते चहाला गेले नाहीत. तसंही निघताना अर्धा तास कोणालाच आपली चप्पल सापडत नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वंदना म्हणाली मॅडम आज मस्त बोलल्या. मी साहेबांना चपलांचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "ये क्या है?"

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. अमोल वाहक. सुजाता आधीच वाहक. मी दोघांना वेगळं बसवून सांगितलं, की लग्न करूच नका असं मी म्हणत नाही, गरोदरपणात तपासणी करता येते, निर्णय तुमचा. दोघांनी वेळ घेतला आणि नाही म्हणाले. मला जेवण गेलं नाही. मुलगा नॉर्मल निघेल आणि मुलीचं लग्न वाचेल, म्हणून तर मी जीव तोडून बोलले होते. न बोलले असते तर गुरुजींनी नकार दिला असता आणि लग्न मोडलं असतं. बोलले, आणि लग्न मोडलंच. मग मी केलं काय, हे मला समजेना.

त्यानंतर एका रविवारी गुरुजी माझ्या घरी आले. म्हणाले, शीलाबाईकडे चला. अमोलही सोबत होता. तिथे त्यांनी वंदनाला शेजारपाजार बोलवायला लावला. अंगणात पंधरा-वीस माणसं झाली. गुरुजी उभे राहिले. तो खणखणीत आवाज नव्हता.

"मी त्या दिवशी या घरी नकार सांगायले येणार होतो. पोरीचं कार्ड पाहिलं होतं, पोराचं पाहिलं नव्हतं. माझा अमोल तसाच आहे. मग मी स्वतःचं रक्त दिलं." त्यांनी खिशातून कार्ड काढून सगळ्यांसमोर धरलं. "मीही तसाच आहे. चौसष्ट वर्षं घेऊन फिरलो, पत्ता नव्हता. अमोलले ते माझ्याकडूनच मिळालं असंन. लग्न मोडलं ते दोघांमुळे मोडलं. यापुढे कोणी सुजातामध्ये दोष काढला, तर आधी माझं नाव घ्या."

आणि खाली बसले. अर्धं मिनिटही झालं नसेल. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. शीलाबाई रडत होती, पण तोंड लपवत नव्हती. अमोल सुजाताकडे बघून म्हणाला, "सॉरी." ती म्हणाली, "तुमची काय चूक? माही पण नाही." मग आत जाऊन तिनं त्या दिवशी राहिलेला चहा ठेवला, आणि गुरुजींनी तो घेतला.

महिन्याच्या रिपोर्टात एक रकाना असतो, 'परिणाम'. मी लिहिलं, एक लग्न मोडले. साहेबांनी बोलावलं. "मैडम, ये क्या लिख दिया? कुछ अच्छा लिखिए." मी खोडून लिहिलं, मुलांची तपासणी सुरू. तेही खरंच होतं. त्या गावातून आता मुलगे स्वतः येतात, गाडीवरून उतरतात.

नंतर सुजाता दवाखान्यात भेटली तेव्हा गमतीनं तिलाच विचारलं, काय लिहू गं? तिनं जरा विचार केला. "लिहा ना, आता बाया माह्याकडे पाहून कुजबुजत नाही. अन् आता पोरगा पाहाले आला, का कार्ड आधी मी मांगते."

ते मी लिहिलं नाही. रकाना लहान होता.